जेल की फोम? आधी दुखतंय कुठे ते बघा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीहून पुण्याला महिन्यातून दोनदा जाणं-येणं, गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मोटारसायकल, उंची पाच फूट सहा इंच, वजन ७८ किलो. कराड यायच्या आत बूड भरून येतं आणि साताऱ्याच्या पुढे बसवत नाही. वरून बांधायचं जेलचं पॅड आणून झालं. पहिला अर्धा तास बरं वाटलं, नंतर त्रास उलट वाढला. मे महिन्यात पत्नीसोबत आंबोलीमार्गे मालवणला जायचं आहे. तर तयार टूरिंग सीट घ्यावी, जेलची घ्यावी, की सांगलीतच कुशनवाल्याकडून आहे ती सुधारून घ्यावी?

यात खरा प्रश्न सीटच्या प्रकाराचा नाही. दुखणं नेमकं कुठे आणि किती वेळाने सुरू होतं, हे ठरल्याशिवाय कोणतीही सीट घेतली तरी तो जुगारच. तुमच्या लिहिण्यात जागा आलेली नाही, म्हणून ती ओळखायची कशी इथून सुरुवात करतो.

बसल्यावर आपला भार कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर येतो. खुर्चीत बसून बुडाखाली हात घातलात की ती दोन टणक टोकं हाताला लागतात. सीटचं काम एवढंच, की या दोन टोकांवरचा भार आजूबाजूच्या मांसल भागावर पसरवायचा आणि खड्ड्याचा दणका मधल्यामध्ये जिरवायचा. दोन्ही कामं वेगळी आहेत. जेल पहिलं बऱ्यापैकी करतं, दुसरं जवळजवळ करतच नाही.

दोन ठिकाणी खोल, ठसठशीत दुखत असेल तर फोम तळाला जाऊन हाडं सीटच्या तळाच्या टणक प्लेटवर टेकताहेत, किंवा त्या जागी सीट अरुंद आहे. माकडहाड दुखत असेल तर सीटचा मागचा चढ तिथे लागतोय किंवा तुम्ही पाठीला पोक काढून बसताय. पुढच्या, दोन मांड्यांमधल्या भागात बधिरपणा येत असेल तर सीट टाकीकडे उतरती आहे, किंवा इतकी मऊ आहे की हाडं बुडतात आणि मधला भाग वर दाबला जातो. मांडीच्या आतल्या बाजूला काचत असेल तर सीटची कड टणक किंवा पुढचा भाग फार रुंद. नुसती आग होत असेल तर घाम, रेक्झिन आणि जीन्सची शिवण यांचा संशय घ्या. कमरेत चमक मारत असेल तर सीट बाजूला ठेवून आधी मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर (शॉक) बघा.

वेळेवरूनही बरंच कळतं. वीस-पंचवीस मिनिटांत दुखायला लागलं तर आकार चुकलेला आहे किंवा फोम संपलेला आहे. सव्वा-दीड तासाने दुखत असेल तर सीट फार वाईट नाही. एका जागी न हलता बसल्याचा तो परिणाम आहे. सांगली ते कराड साधारण ७५ किलोमीटर. म्हणजे तुमचं दुखणं या दोन्हींच्या मध्ये पडतं, आणि नुसत्या फोमच्या कामाने त्यात चांगला फरक पडायला हवा. एक मात्र पाळा: गाडीवरून उतरून तासाभरानंतरही बधिरपणा गेला नाही किंवा पायात मुंग्या राहिल्या, तर सीट नंतर, डॉक्टर आधी.

आता पैसे न घालता करायच्या तीन गोष्टी. या केल्याशिवाय सीट बदलू नका, कारण अर्ध्या वेळा शॉकचा दोष सीटच्या माथी मारला जातो.

पहिली, मागचे शॉक. स्प्रिंगच्या तळाशी पायऱ्या असलेलं कडं असतं, ते हूक स्पॅनरने फिरतं. मागे बायको किंवा सामान घेऊन गेल्यावर ते वर चढवलेलं असतं आणि मग वर्षभर तसंच राहतं. एकटं जाताना ते खालच्या एक-दोन पायऱ्यांवर हवं. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, मागचं चाक अधांतरी असताना, त्याच्या अ‍ॅक्सलपासून वर सीटखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून खाली घेऊन तुम्ही बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, कुणीतरी पुढून गाडी धरेल, आणि तेच अंतर पुन्हा मोजा. शॉकच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका फरक आला तर ठीक. फरक फारच कमी असेल तर दणका सरळ बुडाला येतोय. दोन्ही बाजूंची पायरी सारखी आहे ना, तेही याच वेळी बघा.

दुसरी, टायरची हवा. कंपनीच्या स्टिकरवर एकट्यासाठी आणि दुहेरीसाठी वेगळे आकडे दिलेले असतात. टायर थंड असताना त्याप्रमाणे भरा, पंपवाल्याच्या अंदाजाने नको.

तिसरी, सीट काढून उलटी करा. प्लेटच्या खाली रबरी बुश असतात, सीटचा भार त्यांच्यातून फ्रेमवर जातो. एखादा गळून पडला असेल तर सीट तिरकी बसते, डुगडुगते आणि पुढे प्लेटला तडा जातो. बुश किरकोळ किमतीत मिळतात. मग सीट जागेवर बसवा, एक गुडघा नेहमी बसता त्या ठिकाणी टेकवून सगळा भार टाका. खाली टणक प्लेट लागली तर फोम संपला आहे, पुढची परीक्षा नको.

मऊपणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी फसगत इथेच होते. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून जी सीट छान वाटते, ती बहुधा शंभर किलोमीटरला नको होते. मऊ फोम पटकन दबतो म्हणून आल्हाददायक वाटतो, पण दबून संपला की त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. लांबच्या प्रवासाची सीट पहिल्यांदा बसल्यावर थोडी कडकच वाटते. अंगठ्याने दाबली तर आत जाते, पण तळहाताने दाबली तर परत ढकलते.

फोमच्या दुकानात ‘चाळीसचा’, ‘बत्तीसचा’ असं म्हणतात ती डेन्सिटी, म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यावरून फोम किती टिकेल हे कळतं. कडक आहे की मऊ हे कळत नाही. एकाच चाळीस डेन्सिटीत सॉफ्ट, मीडियम आणि हार्ड असे तिन्ही मिळतात. म्हणून दोन्ही गोष्टी विचारा. सोफ्याचा स्वस्त, कमी डेन्सिटीचा फोम सीटमध्ये भरला तर काही महिन्यांत त्याची पोळी होते. एचआर (हाय रेझिलियन्स) फोम म्हणून जो मिळतो तो दाबल्यावर पटकन मूळ जाडीला येतो. सीटच्या मुख्य थराला तो चांगला. त्याच्या खाली रिबॉण्डेड, म्हणजे फोमच्या चिंध्या दाबून केलेला रंगीबेरंगी ठिपक्यांचा, जड थर. हा ८० ते १०० डेन्सिटीचा घ्यायचा. हाडं तळाला टेकू न देणं हे त्याचं काम.

मेमरी फोमचं नाव फार ऐकू येतं. तो तापमानावर चालतो. डिसेंबरच्या पहाटे साताऱ्याच्या बाजूला तो पाटासारखा कडक होतो आणि एप्रिलच्या दुपारी लिबलिबीत. शिवाय दबल्यावर सावकाश वर येतो, त्यामुळे लागोपाठ खड्डे आले की दुसऱ्या खड्ड्याला तो आधीच दबलेला असतो. वापरायचाच तर सगळ्यात वर १० मिलिमीटर, त्याहून जास्त नको.

जेल दबत नाही, फक्त बाजूला सरकतं. तुमच्या पॅडच्या बाबतीत हेच झालं असणार: खालचा फोम खचलेला होता तो तसाच राहिला, वर बांधलेलं पॅड थोडं थोडं सरकत राहिलं, आणि त्यात उष्णता साठली. काळ्या रेक्झिनखालचं जेल ढाब्यासमोर अर्धा तास उन्हात राहिलं की पुढचे बरेच किलोमीटर ते तव्यासारखं लागतं. जेलला विरोध नाही, पण ते फोमच्या आत खाच करून बसवलेलं, साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचं, आणि वर निदान ८ मिलिमीटर फोमचा थर असलेलं हवं. चांगला आकार आणि चांगला फोम असेल तर बहुतेकांना जेलची गरज लागत नाही.

हवेच्या उशीचाही पर्याय असतो. सरळ हायवेला ती खरंच आराम देते, पण लोक ती टम्म फुगवतात आणि मग चेंडूवर बसल्यासारखं होतं. फुगवून वर बसायचं, मग हवा सोडत यायचं. हाडं आणि सीट यांच्यात जेमतेम बोटभर अंतर राहिलं की थांबायचं. घाट चढून वर गेलात की बाहेरचा दाब कमी होतो आणि उशी आपोआप फुगते, म्हणून वर पोहोचल्यावर पुन्हा थोडी सोडावी लागते. वळणावळणाच्या रस्त्यावर तिच्यावर अंग डोलतं. आंबोलीच्या घाटासाठी मी ती सुचवणार नाही.

फोमपेक्षा आकार महत्त्वाचा, आणि तो घरी तपासता येतो. खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, कडक स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा आणि त्यावर बसा. पाय विटांवर ठेवून गुडघे गाडीवर असतात तितके वर घ्या, थोडं पुढे झुका, दोन मिनिटं हलू नका. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. तिरका प्रकाश टाकला की स्पष्ट दिसतात. त्यांच्या मध्यातलं अंतर बहुतेकांचं १० ते १४ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. त्या अंतरात दोन्ही बाजूंना निदान ४-४ सेंटिमीटर मिळवा. इतका भाग तुमच्या बसण्याच्या जागी सपाट हवा. सीट एकूण रुंद असून उपयोग नाही. कडा गोलाईने खाली उतरत असतील तर हाडं उतारावर पडतात आणि आधार मिळत नाही.

दुसरा तपास उताराचा. गाडी दोन्ही चाकांवर सरळ धरून सीटवर लांबीच्या दिशेने लाकडी पट्टी ठेवा, त्यावर मोबाइलमधली लेव्हल. पट्टी टाकीकडे स्पष्ट उतरती दिसली तर ब्रेक लावला नाही तरी तुम्ही हळूहळू पुढे घसरणार आणि दर पाच मिनिटांनी मागे सरकत राहणार. सपाट किंवा अगदी किंचित मागे झुकलेली जागा हवी. पण मागे फार खोल वाटी करू नका. दिसायला झकास दिसते, मात्र माणूस एकाच ठिकाणी अडकतो. लांबच्या प्रवासात चार-पाच सेंटिमीटर पुढे-मागे सरकता येणं हाच अर्धा आराम असतो.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल. कंपनीची टूरिंग सीट मूळ सीटच्या जागी सरळ बसते, कुलूप-बुश जुळतात, वॉरंटीची कटकट नाही. तिचा तोटा एकच: ती सरासरी माणसासाठी केलेली असते. घ्यायच्या आधी तीच सीट असलेल्या कुणाची तरी गाडी निदान पाऊण तास चालवून बघा. शोरूममध्ये स्टँडवरच्या गाडीवर बसून काही कळत नाही. बाहेरच्या तयार सीटांमध्ये प्लेट हातात घेऊन पिळून बघा. लवचीक, पातळ प्लेट असेल तर आतला फोम कितीही चांगला असला तरी ती सीट नको.

तुमच्या वर्णनावरून मला आहे ती सीट सुधारून घेणं जास्त योग्य वाटतं. प्लेट मूळचीच राहते, माप तुमच्या अंगाचं मिळतं आणि चुकलं तर दुरुस्त करता येतं. फक्त कुशनवाल्याला ‘चांगला फोम टाक’ एवढं सांगून निघून यायचं नाही. काय करायचं ते असं सांगा.

आधी सीटवर नेहमीच्या कपड्यांत बसा आणि हाडं कुठे येतात तिथे खडूने खूण करून घ्या. कव्हर स्टेपलच्या पिना उचकून सावकाश काढायला सांगा, फाडू देऊ नका. तेच पुढे मापाला लागतं. काही सीटांची प्लेट पत्र्याची असते आणि तिथे पिनांऐवजी कव्हर पत्र्याच्या दातांत अडकवलेलं असतं. ते दात एकदाच वाकवायचे; पुन्हा पुन्हा वाकवले की तुटतात. कव्हर निघाल्यावर दाभण प्लेटपर्यंत टोचून फोमची जाडी चार ठिकाणी मोजा. मूळचा साचातला फोम पूर्ण फेकू नका. त्याच्या कडा प्लेटला नेमक्या बसलेल्या असतात, तशा हाताने कापून येत नाहीत. बसण्याच्या जागेपुरता वरून खड्डा कापून घ्या आणि तो भरा.

७८ किलोंना खाली २० मिलिमीटर रिबॉण्डेड, त्यावर ३० मिलिमीटर एचआर, चाळीस ते पंचेचाळीस डेन्सिटी, मीडियम. मग सगळ्या सीटवरून ८ ते १० मिलिमीटरचा मऊ थर, म्हणजे सांधे हाताला लागत नाहीत. साठ किलोंच्या माणसाला यातला रिबॉण्डेड १० मिलिमीटर पुरे, नाहीतर सीट दगड होते; नव्वदीच्या पुढे तो २५-३० लागतो आणि एचआर हार्ड घ्यावा लागतो. सोल्यूशन, म्हणजे फोम चिकटवायचा गोंद, दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत सुकवून मगच थर जोडायचे. जाड थापलं तर ते वाळून आत पापडासारखं कडक होतं आणि नेमकं हाडांखाली टोचतं. म्हणून बसण्याच्या मध्यभागी सोल्यूशन कमीत कमी, कडेने पुरेसं. शेवटी कडा जाड सॅंडपेपरने घासून गोल करायच्या.

एकूण उंची मूळच्यापेक्षा १५ मिलिमीटरहून जास्त वाढू देऊ नका. या गाडीची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटरवर आहे. तुमच्या उंचीला पाय टेकतात, पण फार शिल्लक नाही. गेलेली उंची परत मिळवायची जागा म्हणजे सीटचा पुढचा भाग. टाकीजवळ दोन्ही बाजूंनी १०-१० मिलिमीटर तासून घेतलं की मांड्या सरळ खाली जातात आणि पाय आधीइतकाच टेकतो. सीट उंच झाली की गुडघ्यांना मोकळीक मिळते, पण हँडल तेवढंच खाली राहतं, हेही लक्षात असू द्या. १५ मिलिमीटरला फरक जाणवत नाही, ४० ला पाठीला जाणवतो.

इथे एक पायरी सगळे गाळतात. फोम भरल्यावर लगेच नवं कव्हर शिवून घेऊ नका. जुनं कव्हर चार-सहा पिनांवर तात्पुरतं ओढून लावा आणि कराडपर्यंत जाऊन या. कुठे टोचलं, कुठे उंचवटा लागला ते परत आल्यावर सांगा. तासायला दोन मिनिटांचं काम असतं. कव्हर शिवून झाल्यावर कुशनवालाही पुन्हा उघडायला तयार नसतो.

कव्हरला ताणलं जाणारं रेक्झिन घ्या. न ताणणारं कव्हर फोमवर ढोलकीच्या पुडीसारखं घट्ट बसतं आणि खालचा चांगला फोमही कडक वाटायला लागतो. बसण्याच्या जागेवर शिवण नको. ती टोचते आणि सुईच्या भोकांतून पाणी आत जातं. शिवण कडेला घ्या, आतून पट्टी लावून. आपल्याकडचा पावसाळा बघता फोमवर पातळ प्लास्टिक घालतात, ते चालतं, पण फक्त वरच्या बाजूला. प्लेटची भोकं बुजवू नका. हवा आणि शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. पिना गंज न धरणाऱ्या आणि प्लास्टिक प्लेटला ६ मिलिमीटरच्या. लांब पिना प्लेटमधून आरपार जाऊन फोममध्ये उभ्या राहतात.

घामाची आग होत असेल तर वरून जाळीचं, हवा खेळणारं कव्हर स्वस्तात काम करतं. मेमध्ये ते लावाच. पावसात काढून ठेवा, कारण ओलं झालं की पँट भिजतच राहते.

मागच्या सीटचं वेगळं बघावं लागतं. मागे बसणारी व्यक्ती जवळजवळ चाकाच्या वर बसते, त्यामुळे दणका तिला जास्त, आणि तिच्याच वाट्याला फोम पातळ येतो. तुमच्या गाडीत ती सीट वेगळी आहे, म्हणून तिचं काम स्वतंत्र करता येईल: सपाट, पुढे अजिबात उतार नाही, निदान ५० मिलिमीटर चांगला फोम. साडीवर एका बाजूने बसायची सवय असेल तर सगळा भार डाव्या कडेवर येतो. त्या कडेला रिबॉण्डेडची पट्टी घातली नाही तर कड महिन्याभरात बसते. पण मालवणपर्यंतच्या प्रवासाला दोन्हीकडे पाय टाकून बसणंच सुरक्षित आणि आरामाचं, तिला तसं नक्की सांगा. कव्हर बदलताना धरायचा पट्टा काढून टाकतात, तो पुन्हा लावून घ्या. मागच्या सवारीला धरायला कायमची पकड असणं हे मोटार वाहन नियमांतच आहे, शिवाय घाटात तिला धरायला काहीतरी लागतंच. आणि दोघं निघालात की शॉकची पायरी वर, परत आल्यावर खाली.

नवा फोम पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडा बसतो, म्हणून सुरुवातीला सीट पाच मिलिमीटर जास्त उंच वाटली तर घाबरू नका. मालवणला निघायच्या आधी पुण्याच्या निदान दोन फेऱ्या तिच्यावर होऊ द्या. त्या फेऱ्यांत कराड, सातारा आणि शिरवळ इथे पाच-पाच मिनिटं उतरा, मधल्या टप्प्यांत रस्ता मोकळा असेल तेव्हा फूटरेस्टवर उभं राहून वीस-तीस सेकंद रक्त फिरू द्या, आणि प्रत्येक थांब्यावर दुखतंय का, कुठे, ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दुसऱ्या फेरीनंतरही त्याच दोन टोकांना दुखत असेल तर एचआरचा थर हार्डमध्ये बदलून घ्या. दुखणं मांडीच्या कडेला सरकलं असेल तर फोमला हात लावू नका, फक्त कडा अजून तासायला सांगा.